भाव मागण्यापूर्वीं आपलें माप

(लातूर जिल्ह्यांतील एका गांवीं अमावास्येच्या दिवशीं सोयाबीनच्या भावाचा व पुढच्या पेरणीचा विचार करण्याकरितां शेतकऱ्यांची सभा भरली होती. तींत एका शेतकरी बंधूनें केलेलें भाषण आमच्या वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.)



आज अमावास्या. आज बैलाच्या मानेवर जूं नाहीं, म्हणून आपल्याहि मानेवरचें जूं घटकाभर उतरवून आपण येथें जमलों आहों. सभेचा विषय फळ्यावर लिहिला आहे : पिकाचा भाव. या विषयावर बोलणाऱ्या माणसांची आपल्या गांवांत वाण नाहीं. चहाच्या टपरीवर तेंच बोलणें, एस.टी.त तेंच बोलणें. मयताला गेलेलीं माणसेंहि परत येतांना भावाचेंच बोलतात. बोलून बोलून आपल्या घशाला कोरड पडली, पण भाव कांहीं हालला नाहीं. मग आणखी एक सभा कशाला, असें कोणाच्या मनांत आलें असेल तर त्यांत त्याची चूक नाहीं.

माझें म्हणणें काय तें पहिल्यानेंच सांगून टाकतों, म्हणजे ज्यांना जनावरांच्या पाण्यासाठीं मध्येंच उठावें लागेल त्यांची फसगत होणार नाहीं. सोयाबीनचा बाजारभाव या पारावर ठरत नाहीं, आणि आपण कितीहि ओरडलों तरी येथें ठरणार नाहीं. परंतु बाजाराच्या फळ्यावर लिहिलेला भाव आणि आपल्या पदरांत पडलेला भाव यांच्यामध्यें जी गळती आहे, ती पुष्कळशी आपल्या अज्ञानानें आणि आपल्या एकेकटेपणानें होते. ती बंद करणें आपल्या हातांत आहे. आणि ज्याला आपल्याच पोत्याची गळती ठाऊक नाहीं, तो सरकारपाशीं भाव मागावयास गेला तरी त्याच्या बोलण्याला वजन येत नाहीं.

दुसऱ्याचें उणें काढण्यापूर्वीं स्वतःचें सांगतों. २०२४ सालची दिवाळी. काढणीच्या वेळीं पावसानें दोन दिवस हात दाखविला होता. मळणीवाल्याचे पैसे देणें होते, मुलीच्या कॉलेजची फी भरावयाची होती. माल खळ्यावरून घरीं नेलाच नाहीं. २० क्विंटल सोयाबीन टेंपोंत भरलें आणि रात्रींच बाजाराची वाट धरली. त्या दिवशीं चांगल्या मालाला ४२०० रुपये क्विंटल भाव निघाला. माझ्या ढिगांत खरेदीदारानें हात घातला, मूठभर दाणे उचलले, दोन दाणे दाताखालीं धरले आणि म्हणाला, "काका, ओल लई आहे. ३७०० घ्या, नाहीं तर परत न्या." परत न्यावयाचें म्हणजे टेंपोचें भाडें दुप्पट. मीं मान हालविली. ओल किती आहे, एवढा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाहीं. कारण ती मलाच ठाऊक नव्हती.

घरीं आलों तों घरधनीण म्हणाली, "त्याच ढिगांतले दाणे मीं बियाण्यासाठीं पाहावे म्हणून बरणींत ठेवले आहेत." बरणीला घट्ट झांकण होतें. शेजारच्या गांवीं एकाकडे ओल मोजण्याचें लहानसें यंत्र होतें, तेथें ती बरणी नेली. यंत्रानें सांगितलें, ओल १४ टक्के.

आतां हिशेब ऐका, आणि ज्यांची मुलें शाळेंत आहेत त्यांनीं तो घरीं मुलांकडून पुन्हां करून घ्यावा. सोयाबीनला १२ टक्क्यांपर्यंत ओल चालते, असें सरकारी खरेदीचें प्रमाण आहे. २०२४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतली, पण बाजारांत बोलणें १२ टक्क्यांचेंच होतें. १४ टक्के ओलीच्या १०० किलो मालांत कोरडें धान्य ८६ किलो असतें. तोच माल वाळवून १२ टक्क्यांवर आणला तर तो पावणे अठ्ठ्याण्णव किलो भरतो. म्हणजे तूट सव्वादोन किलोची. ४२०० च्या भावानें त्या तुटीची किंमत सुमारें ९५ रुपये. खरेदीदाराला माल वाळवावा लागतो, त्यांत थोडा बिघडण्याचा धोका असतो, म्हणून आपण उदार होऊन आणखी १०५ रुपये सोडूं. झाले २०० रुपये. माझे कापले गेले ५०० रुपये. क्विंटलमागें ३०० याप्रमाणें २० क्विंटलचे ६००० रुपये मी त्या दिवशीं बाजारांत ठेवून आलों. मुलीची फी तेवढ्यांत निघाली असती.

त्या खरेदीदाराला मी चोर म्हणत नाहीं. त्यानें एक आंकडा सांगितला आणि मीं तो मानला. त्याच्यापाशीं दात होते, माझ्यापाशीं तेवढेहि नव्हते! मापाला माप असतें तर बोलणें झालें असतें. 'काका, ओल लई आहे,' याला 'दादा, ओल १४ आहे, हें पाहा यंत्र,' असें उत्तर देतां आलें असतें. आंकड्याला आंकडाच उत्तर देतो. रडगाणें देत नाहीं.

याच हिशेबाची दुसरी बाजू आपल्यापैकीं फार थोड्यांच्या ध्यानीं येते. कित्येक शेतकरी इतके भितात कीं सोयाबीन आठ आठ दिवस कडक उन्हांत पसरून ठेवतात. दाणा वाजूं लागला कीं त्यांना समाधान वाटतें. अशा मालाची ओल ९ टक्क्यांवर आली, तर त्याच्या १०० किलोंत कोरडें धान्य ९१ किलो असतें. १२ टक्क्यांच्या मापानें तोच माल १०३ किलोंहून थोडा अधिक भरला असता. म्हणजे क्विंटलमागें जवळजवळ साडेतीन किलो धान्य आपण फुकट तोलून दिलें. ४२०० च्या भावानें १४० रुपये गेले. शिवाय फार वाळलेला दाणा फुटतो आणि तुटीच्या नांवाखालीं आणखी कापणी होते ती वेगळीच. ओला माल विकणारा बाजारांत लुटला जातो, आणि जादा वाळलेला माल विकणारा आपल्याच खळ्यावर स्वतःला लुटतो. दोघांनाहि एकच औषध : माल बाहेर काढण्यापूर्वीं त्याची ओल मोजणें.

बंधूंनो, ही गळती कांहीं आजची नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं अडत्या आणि खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरून भाव ठरवीत. त्या पद्धतीला हत्ता म्हणत. माल शेतकऱ्याचा, गाडी शेतकऱ्याची, बैल शेतकऱ्याचे, आणि भाव मात्र रुमालाखालीं! शेतकरी समोर उभा राहून तो रुमाल हालतांना पाही. मग कडत्याचे किलो, नमुन्याची मूठ, धर्मादायाचे पैसे, हमाली, तोलाई, अडत, असें एकेक उतरत उतरत जें राही तें त्याचें.

याला आळा घालण्याकरितां बाजारांचे कायदे झाले. वऱ्हाडांत कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ सालीं नियमांखालीं आला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. तो कांहीं नुसत्या शेतकऱ्याच्या मायेनें झाला असें समजूं नका. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. तरीहि शेतकऱ्याला उघड्या बाजाराची चव तेथें लागली. १९२८ सालीं शेतीविषयक शाही कमिशननें असे बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली. आपला मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत. तेथेंहि १९३० सालीं बाजार कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं झाला, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ सालचा. बाजार समित्या, उघडा लिलाव, शेतकऱ्यांचे निवडून दिलेले सभासद, हें सर्व त्यांतून आलें.

पण कायदा कागदावर असतो आणि काटा जमिनीवर असतो. कायदा येऊन आपल्या काट्यापाशीं उभा राहत नाहीं. तेथें आपणच उभें राहावें लागतें. मी विचारतों, येथें बसलेल्या किती जणांपाशीं गेल्या वर्षाच्या हिशेबपट्ट्या आहेत? हात वर करा. पाहा, चार हात वर झाले! बाकीच्यांनीं पट्टी घेतलीच नाहीं, किंवा घेतली आणि तींत बिड्या गुंडाळल्या. ज्या कागदावर वजन किती, भाव किती, हमाली किती, तोलाई किती आणि कडता कोणत्या नांवाखालीं किती धरला हें लिहिलेलें असतें, तो कागद जर आपण फेकून देतों, तर मग तक्रार कशाच्या आधारावर करणार? तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पंचवीस घरांच्या पंचवीस पट्ट्या एका दोऱ्यांत ओंवून बाजार समितीच्या कचेरींत नेल्या, तर त्यांना उत्तर द्यावें लागतें.

आतां मोठ्या भावाकडे वळूं. सोयाबीनचा भाव असा खालीं कां पडतो? कोणी म्हणतो व्यापाऱ्यांनीं पाडला, कोणी म्हणतो सरकारनें पाडला. दोन्हींत थोडेंथोडें तथ्य असेल, पण पिकाची जात समजल्याशिवाय उत्तर मिळत नाहीं. सोयाबीन आपण पिकवितों खरें, पण आपण तें भाकरीसारखें खात नाहीं. तें कारखान्यांत जातें. १०० किलो सोयाबीनमधून सुमारें १८ किलो तेल निघतें आणि ८० किलोंच्या आसपास पेंड निघते. तेव्हां आपल्या पोत्याचा भाव तेल आणि पेंड या दोघांवर मिळून ठरतो. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणतो. २०२४ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें कच्च्या तेलावरची जकात साडेपांच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेली. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस ती पुन्हां साडेसोळा टक्क्यांवर आणली. आपल्याला वाटलें, जकात चढली, आतां भाव चढेल. पण पोत्यांतला मोठा वांटा पेंडीचा. पेंडीला ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका या देशांची स्पर्धा. आणि घरच्या घरीं मक्यापासून व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा राहतो, तो स्वस्त मिळूं लागल्यामुळें कोंबड्यांच्या खाद्यांतून पेंडीची मागणी कमी झाली. तेलानें वर ओढलें आणि पेंडीनें खालीं ओढलें. मध्यें आपलें पोतें.

हें सांगण्याचा हेतु असा कीं आपण भाव मागावयास जाऊं तेव्हां नुसतें 'भाव द्या' असें म्हणून चालणार नाहीं. तेलाच्या जकातीचें काय, पेंडीच्या निर्यातीचें काय, खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडणार, बारदाना पुरेसा आहे काय, असे नेमके प्रश्न घेऊन गेलें पाहिजे. २०२४ च्या हंगामांत हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारांत भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. खरेदी केंद्रें होतीं, पण अनेक ठिकाणीं बारदाना संपला म्हणून मोजणी थांबली आणि शेतकरी रांगेंत बसले. हमीभाव जाहीर होणें आणि तो पदरांत पडणें यांत एका पोत्याचें अंतर असतें, हें तेव्हां कळलें.

२०२५-२६ च्या हंगामाकरितां ५३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला. तो कोठून आला? केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानें सोयाबीनचा उत्पादनखर्च क्विंटलला ३५५२ रुपये धरला आणि त्यावर निम्मे चढविले. या खर्चांत पदरचा खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी येते. आपल्या जमिनीचा खंड आणि आपल्या स्थिर भांडवलावरचें व्याज येत नाहीं. तीं धरावीं असें शेतकऱ्यांचें म्हणणें आहे, आणि तें रास्त आहे. पण तुम्हांला कोणी विचारलें कीं, बाबा, तुझा खर्च किती, तर तुम्ही काय सांगाल? 'लई झाला' असें सांगाल! समजा, एकरीं २२००० रुपये खर्च झाला. पांच क्विंटल पिकलें तर क्विंटलला ४४०० पडले. आठ क्विंटल पिकलें तर २७५० पडले. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन वेगळे खर्च असतात. ज्याच्या वहींत हें लिहिलेलें आहे, त्याला आपण कोठें बुडालों हें कळतें : भावांत बुडालों, कीं पिकांत बुडालों, कीं औषधांच्या दुकानांत बुडालों. ज्याची वही नाहीं त्याला फक्त बुडाल्याचें कळतें.

पुढचा प्रश्न नेहमींचा : माल ठेवावा कीं विकावा? येथें मी तुम्हांला गोड थाप मारणार नाहीं. 'थांबा, भाव वाढेल,' असें सांगणारे पुष्कळ आहेत. भाव न वाढल्यास ते पुन्हां दिसत नाहींत. २०२१ च्या ऑगस्टांत सोयाबीनचे भाव दहा हजारांपर्यंत चढले. नवा माल येतांच दोन महिन्यांत ते जवळजवळ निम्म्यावर उतरले. त्या वेळीं ज्यांनीं नवा माल घरांत ठेवला, त्यांना २०२२ च्या उन्हाळ्यांत सात हजारांच्या घरांत भाव मिळाला. हें पाहून पुढें अनेकांनीं ठेवला. २०२४ चा माल ज्यांनीं ठेवला, त्यांना २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत खुल्या बाजारांत हमीभावाचें तोंडहि दिसलें नाहीं. थांबणें हा धर्म नव्हे आणि विकणें हें पाप नव्हे. दोन्हींचा हिशेब करावयाचा असतो.

कर्जापायीं घाईनें विकावें लागूं नये म्हणून एक सोय आहे. राज्याच्या कृषि पणन मंडळानें १९९० पासून शेतमाल तारण कर्जाची योजना चालविली आहे. भाग घेणाऱ्या बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवावा. त्याच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा महिन्यांकरितां सालीना ६ टक्के व्याजानें मिळते. २० क्विंटल माल ४२०० च्या भावानें ८४००० रुपयांचा झाला. त्यावर ६३००० रुपये हातीं येतात. सहा महिन्यांचें व्याज १८९० रुपये, म्हणजे क्विंटलला ९५ रुपये. त्यांत वाहतूक, पोतीं आणि थोडी वजनाची घट धरा, म्हणजे दीडशें-दोनशें रुपये झाले. तेव्हां भाव क्विंटलला दोनशेंहून अधिक चढेल अशी खात्री वाटत असेल तरच ठेवण्यांत अर्थ आहे. सावकाराकडून शेंकडा तीन रुपये महिन्यानें पैसे काढून माल ठेवणारा, भाव चढला तरी बुडतो. कारण त्याच ६३००० वर सहा महिन्यांत ११३४० रुपये व्याज होतें. माझें स्वतःचें मत असें कीं मालाचे तीन वांटे करावेत. एक देण्याघेण्याकरितां लगेच विकावा, दुसरा हमीभावाच्या खरेदीकरितां नांव नोंदवून स्वच्छ करून ठेवावा, आणि तिसरा, ज्याला परवडतें त्यानें, तारणांत ठेवावा. यांत कोणी श्रीमंत होणार नाहीं, पण एका दिवसाच्या भावावर सगळें वर्ष टांगलें जाणार नाहीं.

आतां पेरणीकडे. कोणी म्हणेल, भावाच्या सभेंत बियाण्याचें काय काम? काम आहे. आपण बाजारभावानें विकतों आणि जूनमध्यें तेंच सोयाबीन पिशवींत घातलेलें बऱ्याचदां दुपटीहून अधिक दरानें विकत आणतों. सोयाबीन हें संकरित पीक नव्हे. घरचें चांगलें बीं दोनतीन वर्षें चालतें. मग दर वर्षीं पिशवी कशाला? कारण घरच्या बियाण्यावर आपला भरंवसा नाहीं. आणि भरंवसा नाहीं, कारण आपण तें तपासून पाहत नाहीं. २०२० च्या खरिपांत मराठवाड्यांत सोयाबीन उगवलें नाहीं म्हणून हजारों शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हां पिशवीनेंहि दगा दिला होता.

तपासणी अगदीं सोपी आहे, आणि ती या मागें बसलेल्या बहिणींनींच हातांत घ्यावी. पोत्यांतून वरचे, मधले, तळचे असे दाणे घेऊन मिसळावे. त्यांतले न निवडतां १०० मोजावे. ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या दहा ओळी मांडाव्या, गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावें, रोज पाणी शिंपडावें. सातव्या दिवशीं चांगले कोंब मोजावे. सत्तर निघाले तर एकरीं तीस किलो बीं पुरे. पासष्ट निघाले तर बत्तीस किलो घ्यावें. साठाच्या खालीं गेले तर तें बीं पेरूं नये, विकून टाकावें. एका गोणपाटाच्या तुकड्यानें दुबार पेरणी टळते.

सोयाबीनची साल पातळ असते, म्हणून बियाण्याच्या पोत्याशीं तान्ह्या मुलासारखें वागावें. बियाण्याची मळणी करतांना यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेंच्या आंत ठेवावे. पोतें उंचावरून आदळूं नये, सातांहून अधिक पोतीं एकावर एक रचूं नयेत, आणि भुईच्या ओलीपासून लांकडी फळ्यांवर ठेवावीं. पेरणीपूर्वीं पहिल्यानें बुरशीचें औषध चोळावें, आणि जिवाणू खत सर्वांत शेवटीं, सावलींत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन चांगली भिजल्यावांचून तिफण बाहेर काढूं नये. बीं तीन ते चार सेंटिमीटरांहून खोल जातां कामा नये.

आणि येथें मला सुतार-लोहार बंधूंची आठवण होते. फण किती खोल जातो, चाड्यांतून दाणे सारखे पडतात कीं नाहींत, हें त्यांच्या हातांत आहे. पेरणीपूर्वीं गांवांतल्या सर्व तिफणी एक दिवस सुताराच्या दारांत उभ्या करून तपासून घ्याव्या, आणि त्याची मजुरी रोख द्यावी. उधारीवर घासाघीस करूं नये. आपल्या घामाचा भाव मागणाऱ्यानें दुसऱ्याच्या घामाचा भाव पाडूं नये. शेतकऱ्याचें पोतें हलकें झालें कीं लोहाराचा भाता थंड पडतो, कुंभाराचें चाक थांबतें, शिंप्याची दिवाळी कोरडी जाते. म्हणून ही सभा फक्त सातबारावाल्यांची नाहीं, सगळ्या गांवाची आहे.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यांत त्यांनीं शेतकऱ्याचें दुःख तर सांगितलेंच. पण बांध घालून पाणी जिरवा, शेतपिकांचीं प्रदर्शनें भरवा, औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसें द्या, असे हाताला धरून चालण्याजोगे उपायहि सांगितले. दुःख आणि उपाय एकाच पुस्तकांत. आपल्या सभांतून मात्र दुःखाचा पाढा वाचून झाला कीं चहा येतो आणि सभा उठते.

मघाशीं एका तरुण मित्रानें मला बाजूला घेऊन विचारलें, "तात्या, असल्या सभांनीं भाव वाढतो काय?" त्याला जें सांगितलें तेंच सर्वांना सांगतों. नाहीं, बाबा. ब्राझीलच्या पेंडीचा भाव आपल्या पारावरून बदलत नाहीं. पण माझे ६००० रुपये ब्राझीलनें नेले नाहींत. ते माझ्या मुकाट मानेनें नेले. या गांवांत सोयाबीन विकणारीं दोनशें घरें असतील. प्रत्येकाचे नुसते दोन हजार वांचले, तर वर्षाला चार लाख रुपये गांवांत राहतात. हा पैसा कोणा आमदारानें दिला नाहीं, कोणा देवानें दिला नाहीं. तो आपलाच होता आणि आपणच सांडीत होतों. गांव करी तें राव न करी, ही म्हण आपल्या आजीनें उगीच सांगितलेली नाहीं.

आतां बोलणें पुरे. मी पांच ठराव सभेपुढें ठेवतों. पटले तर हात वर करा. न पटले तर उभें राहून विरोध करा, पण टपरीवर जाऊन करूं नका.

पहिला : दहा-बारा घरांनीं मिळून वर्गणीनें ओल मोजण्याचें एक यंत्र घ्यावें, आणि ओल पाहिल्यावांचून कोणाचेंहि पोतें गांवाबाहेर जाऊं नये.

दुसरा : प्रत्येक घरांत एक वही असावी. बीं, खत, औषध, मजुरी, भाडें आणि घरच्या माणसांचे दिवस तींत लिहावे. ज्याला लिहितां येत नाहीं त्याच्या मुलीनें लिहावें.

तिसरा : प्रत्येकानें हिशेबपट्टी मागून घ्यावी आणि तिची एक प्रत सभेच्या चिटणिसाकडे द्यावी. न समजणारी कपात दिसल्यास सर्वांनीं मिळून विचारावें.

चौथा : पांच-सात जणांचा सारख्या प्रतीचा माल एका गाडींत, एका दिवशीं बाजारांत न्यावा, म्हणजे एकट्यानें मान हालविण्याची वेळ येणार नाहीं.

पांचवा : दर अमावास्येला याच जागीं सभा भरावी. पहिली अर्धी घटका तक्रारींना, बाकीचा वेळ हिशेबाला. आणि बहिणींनीं भिंतीपाशीं न बसतां पुढें बसावें. कारण बरणी त्यांनीं ठेवली होती, मीं नव्हे.

हे ठराव मंजूर झाले तर यंत्राच्या वर्गणीचे पहिले शंभर रुपये माझे. हे पाहा, पेटींत टाकले. आतां तुमची पाळी.